खाटेवरून खात्यापर्यंत

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत मराठी बोलणं परकं वाटत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कोणी लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कोणी डाईंग मिलमध्ये, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात, तर कोणी हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर कामाला असतं. खात्यातली पाळी बहुधा बारा तासांची असते आणि तिच्यात बसायला फारसं मिळत नाही. एका कामगाराकडे अनेक माग असतात. कुठे तार तुटली, कुठे बॉबिन संपली हे पाहत तो दोन ओळींच्या मधून सारखा फिरत असतो.

असा कष्टाला सरावलेला माणूस न्यूमोनियाने, अपघाताने किंवा मोठ्या ऑपरेशननंतर तीन आठवडे दवाखान्यात राहतो. पावसाळ्यात दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिसची साथ दरवर्षी डोकं वर काढते. त्यात भाताच्या आणि उसाच्या शेतात राबणारे मजूर आडवे होतात आणि त्यांतलेही काही आयसीयूपर्यंत जातात. उपचार लागू पडतो, सुट्टी मिळते, रिक्षा चाळीपाशी येऊन थांबते. खोली वरच्या मजल्यावर असते आणि तिथवर जाणारा जिना अरुंद, लोखंडी, उभा. तिसऱ्या पायरीवर माणसाचे पाय थरथरायला लागतात. घरचे घाबरतात: सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मग पायात जीव का नाही?

आजार बरा झालेला असतो, पण खाटेने केलेलं नुकसान भरून निघालेलं नसतं. त्यासाठी वेगळे उपचार लागतात, आणि ते बहुतांशी घरीच करावे लागतात. आपल्याकडे ही गोष्ट कोणी नीट समजावून सांगत नाही. उलट, प्रेमापोटी ‘आता पडून राहा, हलू नकोस’ असं सांगून आपण नुकसानात भरच घालतो.

पडून राहण्याने काय होतं?

१९६६ साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवलं. आजार कोणालाच नव्हता. तरीही दमछाक होईपर्यंत श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते माप सुमारे २७ टक्क्यांनी घसरलं. याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या श्रमशक्तीचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. या प्रयोगाची दुसरी बाजू मात्र उमेद वाढवणारी आहे. झोपून काढलेल्या दिवसांनंतर आठ आठवडे पद्धतशीर व्यायाम करून घेतल्यावर सगळ्यांनी गमावलेली क्षमता परत मिळवली.

वय झालेल्या माणसाला एवढे दिवसही लागत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांनी फक्त दहा दिवस खाट धरली, आणि त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. आयसीयूतल्या रुग्णांची गोष्ट याहून बिकट. २०१३ साली ब्रिटनमध्ये ६३ अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. दहाव्या दिवशी त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी कमी झालेलं होतं.

शरीर काटकसरी संसार करतं; जे वापरात नाही त्यावरचा खर्च ते आधी बंद करतं. म्हणून आपल्याला जमिनीवरून उचलून धरणारे स्नायू, म्हणजे मांड्या, पोटऱ्या, नितंब आणि पाठ, सगळ्यांत आधी झडतात. हात त्यामानाने टिकून राहतात. जेवताना घास उचलता येतो, पण खुर्चीतून उठता येत नाही, त्याचं कारण हेच. आजारातली सूज आणि ताप हे झडणं आणखी वेगाने घडवून आणतात.

बाकीच्या गोष्टीही बदलतात. आडवं पडल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, म्हणून लघवीवाटे ते बाहेर टाकलं जातं आणि काही दिवसांतच रक्तातला द्रव घटतो. अशा माणसाला एकदम उभं केलं की अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला पुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. फुप्फुसांचे खालचे भाग नीट उघडत नाहीत आणि कफ साठतो. घोट्यामागची कंडरा आखडते, त्यामुळे पाऊल सपाट टेकत नाही. व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांचं श्वासपटलसुद्धा दुबळं होतं. काही अत्यवस्थ रुग्णांत मज्जातंतूही दुखावतात. ही बाब कॅनडातले डॉ. चार्ल्स बोल्टन यांनी १९८४ साली मांडली. अशा रुग्णांना सावरायला जास्त वेळ लागतो.

वजनरहित अवस्थेत राहिलेल्या अंतराळवीरांचीही हीच कहाणी असते. वडिलांकडून गुजराती असलेल्या सुनीता विल्यम्स २८६ दिवस अंतराळात राहून मार्च २०२५मध्ये पृथ्वीवर परतल्या. तिथे दररोज सुमारे दोन तास व्यायाम करूनही परतल्यावर ४५ दिवसांचा पुनर्वसन कार्यक्रम ठरलेला असतोच. इतक्या तंदुरुस्त माणसांना जर दीड महिन्याची शिस्तशीर तयारी लागते, तर आयसीयूतून आलेल्या लूम कामगाराने आठवड्यात कामावर हजर व्हावं, ही अपेक्षा कशी धरायची?

डॉक्टरांचंही मत बदललं

खाट हेच औषध, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला महिना-दीड महिना उताणं झोपवून ठेवत. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने खाटेच्या धोक्यांवर एक खरमरीत लेख लिहिला. १९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी झटका आलेल्या रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. लोकांना भीती होती की रुग्ण दगावतील. तसं झालं नाही. उलट ते लवकर सावरले.

त्याच सुमाराला मुंबईत पोलिओच्या साथीने लुळ्या पडलेल्या मुलांमुळे फिजिओथेरपीची निकड भासली आणि केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू झालं. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे २००९ साली अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या १०४ रुग्णांवर एक चाचणी झाली. ज्यांना पहिल्या दिवसांपासून थोडा वेळ जागं ठेवून हालचाल करवली, त्यांच्यातले ५९ टक्के जण दवाखाना सोडताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. औषधं तीच होती, फरक पडला तो लवकर हलवण्याने.

पहिलं उठणं

हे सगळं घरात कसं उतरवायचं? सुरुवात सकाळच्या उठण्यापासून करू या.

डोळे उघडल्याबरोबर उठायचं नाही. पडल्या पडल्याच दोन्ही पावलं वीसेक वेळा वर-खाली हलवायची. पोटऱ्या आवळल्या की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. मग कुशीवर वळायचं, वरच्या हाताचा गादीवर रेटा द्यायचा आणि पाय खाटेखाली सोडत बसतं व्हायचं. बसल्यावर दोन मिनिटं तसंच थांबायचं. घेरी येत नसेल, तर पुढची पायरी. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं धड पुढे झुकवायचं आणि मगच उठायचं. बहुतेकजण मागे रेलून उठू पाहतात आणि धपकन मागे बसतात. चूक ताकदीची नसते, झुकण्याची असते.

सोबतच्या माणसाने काखेत हात घालून वर ओढू नये. त्याने खांदा दुखावतो आणि पाय आपलं काम विसरतात. रुग्णाच्या कमरेला एक रुंद पट्टा घट्ट बांधावा, कमजोर बाजूला उभं राहावं आणि तो पट्टा धरावा. आधार तोल सांभाळण्यापुरता द्यायचा, वजन रुग्णानेच उचलायचं.

एवढं जमलं की हाच व्यायाम औषधासारखा घ्यायचा. भिंतीला टेकवलेली खुर्ची, गरज पडल्यास तिच्यावर दोन उशा. पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं, दम खायचा, आणि असं दिवसातून तीन-चार वेळा. बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश बसायचं, कारण खाली जाताना वजन पेलणारा स्नायूही तितकाच घडत असतो. दहा वेळा सहज जमलं की एक उशी काढायची. मग दुसरी. मग हात छातीवर बांधून. ओझं असं हळूहळू वाढवत नेलं नाही, तर स्नायू वाढत नाही. रोज तेवढंच केलं तर तो तेवढाच राहतो.

मोजायची सोपी रीतही आहे. हात छातीवर ठेवून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात, ते मोबाइलच्या घड्याळावर पाहावं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची क्षमता कमी समजतात. आठवड्यातून एकदा हा आकडा कॅलेंडरवर लिहावा. रुग्णाला स्वतःची प्रगती रोज दिसत नाही, पण २२ सेकंदांचे १७ झालेले त्याच्या डोळ्यांसमोर आले, की तो आपणहून उठू लागतो.

चालणं एकदम लांब नको. वीस मिनिटांच्या एका फेरीपेक्षा पाच मिनिटांच्या चार बऱ्या. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागणं योग्य. वाक्य अर्ध्यावर तुटत असेल, तर वेग कमी करायचा. आणि खरा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा. कालच्या कसरतीने आज ताजंतवानं वाटतंय की अंग मोडून आलंय? काही विषाणूजन्य आजारांनंतर थोड्या श्रमानेही माणूस पुढचे दोन दिवस गळून जातो. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही. कामाचं प्रमाण उतरवून, मध्ये विश्रांती घेत पुढे जायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मोरी, जिना आणि जमीन

दवाखान्यातला सराव सपाट, कोरड्या फरशीवर झालेला असतो. चाळीतलं घर तसं नसतं. पडझड होते ती मोरीत, संडासात आणि जिन्यावर. अंघोळीला प्लॅस्टिकचं पक्कं स्टूल ठेवावं. उकिडवं बसता येईपर्यंत कमोडची खुर्ची वापरावी. ती भाड्यानेही मिळते. घसरणाऱ्या स्लिपरऐवजी मागून पट्टा असलेली चप्पल घालावी. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा.

जिन्यासाठी एक नियम पाठ करावा: चढताना बळकट पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. कठडा सोडायचा नाही. सोबतच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना पुढे राहायचं. वळणावर खुर्ची ठेवता आली, तर सुरुवातीचे दिवस तिथे टेकता येतं.

आपल्याकडे जमिनीवर झोपणं-बसणं चालतं, म्हणून जमिनीवरून उठणंही शिकून घ्यायला हवं. उताणं असाल तर आधी कुशीवर या. मग हात-गुडघ्यांवर, रांगणाऱ्या मुलासारखे. जड खाटेपर्यंत सरका, दोन्ही तळवे खाटेवर ठेवा, बळकट पायाचं पाऊल पुढे टेकवा, आणि हात व तो पाय यांच्या जोरावर वर या. हे जमेपर्यंत खाली अंथरूण घालायची घाई करू नये.

ताटात काय हवं

आजाऱ्याचं खाणं म्हटलं की पेज, साबुदाणा, चहा-खारी, मोसंबीचा रस आणि नारळपाणी. पोट बिघडलेलं असताना एक-दोन दिवस हे ठीक. पण आठवडेच्या आठवडे हेच चाललं, तर पाय भरणार कशाने? साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आपल्या आयसीएमआरचं प्रमाण सांगतं. आजारातून उठणाऱ्या वयस्क माणसासाठी आहारतज्ज्ञ १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत सुचवतात. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ६५ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम, कोरड्या ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे १५ ग्रॅम. म्हणून प्रत्येक जेवणात आणि मधल्या खाण्यातही असं काहीतरी असायला हवं. सगळं रात्रीवर ढकलून भागत नाही.

खानदेशी घराला यासाठी महागडे डबे विकत आणावे लागत नाहीत. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर, मठाची उसळ, घट्ट डाळ, दही, शेंगदाण्याची चटणी या गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात आहेतच. सुरतेतली खिचडी-कढीही चांगली. फक्त खिचडीत डाळीचा हात सढळ हवा. मांस-मासे खाणाऱ्यांनी ते बंद करू नयेत. तिखट आणि तेल मात्र हलकं ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. मधुमेह्याने साखरही सांभाळावी. घोट घेताना ठसका लागत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी, कारण घशात नळी राहिलेल्यांना हा त्रास होतो.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवायची. व्यायामावाचून प्रथिनांचं मांस होत नाही आणि प्रथिनांवाचून व्यायामाने नुसता थकवा येतो. दोन्ही बरोबरच चालायला हवं.

कधी थांबायचं

छातीत दुखणं, बसून राहूनही न थांबणारा दम, शुद्ध हरपल्यासारखं वाटणं, एकाच पोटरीला सूज आणि वेदना, अंगाच्या एका बाजूला अचानक आलेलं बधिरपण: यांपैकी काहीही दिसलं, तर व्यायाम बंद करून तडक दवाखाना गाठायचा. पोटरीच्या सुजेकडे दुर्लक्ष करू नये. पडून राहिल्याने शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मनाचंही ऐकावं. आयसीयूतून आलेल्यांना भयाण स्वप्नं पडतात, नावं विसरायला होतात, विनाकारण रडू येतं. हा स्वभावातला बदल नसून आजाराचाच भाग असतो, हे घरच्यांना माहीत असलं तरी अर्धं काम होतं.

गाव, पगार आणि परतण्याचा दिवस

सुट्टी मिळाली की पुष्कळ कुटुंबं रुग्णाला गावी नेतात. उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडली की नंदुरबार, अमळनेर, जळगाव. गावात जागा मोकळी, हवा चांगली, करणारी माणसं असतात. हे खरं आहे. पण तिथे रोज भेटणारा फिजिओथेरपिस्ट बहुधा नसतो, आणि अंगणातल्या खाटेवर दिवस निघून जातात. गावी न्यायचंच असेल, तर आधी सुरतेतल्या सिव्हिल किंवा स्मीमेरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात रुग्णाला दाखवावं. दोन-तीन दिवस व्यायाम शिकून घ्यावेत आणि ते मोबाइलवर चित्रित करून न्यावेत. गाडीत दर तासाला उभं राहून पावलं हलवावीत.

पगाराचा प्रश्न याहून अवघड. खात्यात मजुरी बहुधा मीटरवर. माग थांबला की पैसा थांबतो. ज्यांची ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, नोंद आहे, त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. नोंद नसलेल्यांना तोही आधार नाही. गुजरातेत आयुष्मान योजनेत कुटुंबामागे १० लाखांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च २०२३पासून भागतो, पण सुट्टीनंतरचा खर्च साधारण १५ दिवसांपुरताच धरला जातो. पायांना मात्र महिने लागतात. फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्या कॅनडातल्या रुग्णांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्ष उलटल्यावरही ते सहा मिनिटांत जेवढं अंतर चालू शकत, ते अपेक्षेच्या ६६ टक्केच होतं.

म्हणून कामावर जाण्याची तारीख कॅलेंडर पाहून ठरवू नये, शरीर तपासून ठरवावी. न थांबता अर्धा तास चालता येतं का? कठड्याला नुसता हात लावून, अंग न ओढता, दोन मजले चढता येतात का? तासभर उभं राहून पाय थरथरत नाहीत ना? हे जमलं, तर आधी अर्धी पाळी, कमी माग, बसायला एक स्टूल, अशी बोलणी करावी. बारा तासांच्या पाळीत पहिल्याच दिवशी उतरलेला माणूस पुन्हा आजारी पडला, तर मालकाचंही नुकसानच आहे.

सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची नावं, वेळा, दिवस सगळं लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आणखी तीन ओळी आपण मागून घ्यायला हव्यात: रोज कोणते व्यायाम किती वेळा, रोज किती प्रथिनं, आणि पुन्हा तपासणीला कधी यायचं. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे मान्य. पण वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टला पाच मिनिटं थांबवून विचारणं प्रत्येक नातेवाइकाच्या हातात आहे. वाचवलेला जीव पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत उपचार संपलेले नाहीत, हे रुग्णालयांनी, योजना आखणाऱ्यांनी आणि आपण घरच्यांनी, सगळ्यांनीच मानायला हवं.